खडेबाजारचा उजेड आणि कॅमेऱ्याचं गणित : ‘मॅन्युअल’ शिकणाऱ्यांसाठी एक्स्पोजरची सोपी ओळख

बेळगाव : शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र संपते, पहाट होते आणि घराघरांत रात्रभर काढलेले फोटो बघणं सुरू होतं. दोनशे-तीनशे फोटो असतात. त्यातल्या निम्म्यांत महाराजांच्या भूमिकेतल्या पोराचा चेहरा पांढराफटक, मागचे दिवे फुटलेले आणि लेझीम खेळणाऱ्यांचे हात धुरासारखे. उरलेल्या निम्म्यांत नुसता काळोख. “हे काय की ओ, तोंडच दिसेना झालंय!” हे वाक्य मग ठरलेलं. पुढची मिरवणूक एका वर्षानं. तोवर तो पोरगा मोठा झालेला असतो, चित्ररथाचा विषय बदललेला असतो. गेलेला क्षण परत उभा करता येत नाही.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. कॅमेरा ‘ऑटो’वर असला की किती उजेड आत घ्यायचा हे तो स्वतःच ठरवतो. समोर महाराज आहेत की हॅलोजनचा दिवा, यातलं महत्त्वाचं काय, हे त्याला खात्रीनं कळत नाही. ते ठरवायचं काम माणसाचं. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘एम’ हे अक्षर असतं ते त्यासाठीच. बेळगाव-निपाणी भागात आज अनेक तरुण लग्नाचे, बारशाचे, मिरवणुकीचे फोटो काढून चार पैसे मिळवतात. त्यांच्यासाठी ‘एम’ म्हणजे हौस नाही, धंद्याचा पाया आहे. आणि त्याची पहिली पायरी म्हणजे एक्स्पोजर, म्हणजेच फोटो काढताना कॅमेऱ्याच्या आत किती उजेड जातो त्याचा हिशेब.

नळ, वेळ आणि घागर

एक्स्पोजर तीन गोष्टींवर ठरतं. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. नावं अवघड, पण व्यवहार रोज सकाळी नळाला पाणी आल्यावर घरात घडतो तोच.

नळ किती सोडला, हे अ‍ॅपर्चर. लेन्सच्या आत पात्यांचं एक गोल भोक असतं, ते लहान-मोठं करता येतं. नळ किती वेळ सोडला, हे शटर. उजेडाला आत येण्यासाठी दार किती वेळ उघडं ठेवलं, तो काळ. आणि खाली घागर केवढी ठेवली, हे आयएसओ. आयएसओ १०० म्हणजे मोठी घागर, ती भरायला भरपूर पाणी लागतं. आयएसओ ३२०० म्हणजे त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचा तांब्या, थोड्या पाण्यात भरतो.

घागर काठोकाठ भरली की फोटो बरोबर. कमी भरली तर काळा. ओसंडली तर पांढरा. सांडलेलं पाणी परत भरता येत नाही, तसा पांढराफटक झालेला भाग कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत आणता येत नाही.

आता आयएसओ वाढवला की फोटोत बारीक दाणे का दिसतात, हेही यातूनच कळतं. तांब्या भरला हे खरं, पण त्यात पाणी कमीच आहे. कॅमेऱ्यानं थोड्या उजेडावर काम भागवलं. उजेड जितका कमी, तितके दाणे जास्त. म्हणून जिथं उजेड भरपूर आहे तिथं आयएसओ कमी ठेवायचा, आणि जिथं नाहीच तिथं नाइलाजानं वाढवायचा.

आकडे उलटे का?

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ अ‍ॅपर्चरच्या आकड्यांत होतो. एफ/२ म्हणजे मोठं भोक आणि एफ/१६ म्हणजे लहान. असं उलटं का? कारण तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला या आकड्यानं भागलं की भोकाची रुंदी निघते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल तर भोक २५ मिलिमीटर. एफ/४ वर साडेबारा. एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटर. भाकरीचे दोन भाग केले तर वाटा मोठा, सोळा केले तर लहान, इतकं साधं.

आकड्यांची रांग अशी : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. या रांगेत एक पाऊल उजवीकडे गेलं की उजेड निम्मा होतो, डावीकडे आलं की दुप्पट. या एका पावलाला ‘स्टॉप’ म्हणतात. शटरचंही तसंच. सेकंदाचा १/१२५ भाग वरून १/२५० वर गेलं की उजेड निम्मा. आयएसओ १०० वरून २०० केला की एक स्टॉप वाढला. तिन्ही गोष्टी एकाच मापात मोजता येतात, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. एकीकडे एक पाऊल कमी केलं तर दुसरीकडे एक पाऊल वाढवायचं. हिशेब जुळला.

पण परिणाम सारखा राहत नाही. भोक मोठं केलं की चेहरा स्पष्ट आणि मागची गर्दी पुसट होते. भोक लहान केलं की पुढचा हातगाडीवाला आणि मागच्या दुकानाची पाटी दोन्ही स्पष्ट येतात. शटर वेगात ठेवलं की हालचाल गोठते, हळू ठेवलं की फिसकटते. म्हणजे उजेड तेवढाच ठेवून गोष्ट वेगळी सांगता येते. मॅन्युअलचा सगळा फायदा इथंच आहे.

भर दुपारी खडेबाजारात

थिअरी पुरे. आता रस्त्यावर उतरायचं. खडेबाजार हा सरावासाठी चांगला, कारण इथं एकाच रस्त्यात सगळ्या तऱ्हेचा उजेड मिळतो. रस्त्याच्या मधोमध कडक ऊन, दुकानांच्या ताडपत्रीखाली सावली, आत ट्यूबलाइट आणि संध्याकाळी पाट्यांचे दिवे.

मे महिन्यातली दुपार, आकाश निरभ्र. यासाठी एक जुना नियम आहे. अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० च्या आसपास. कुठलाही मीटर न बघता फोटो बरोबर येतो, कारण दुपारचं ऊन खडेबाजारात असो वा निपाणीत, जवळपास तेवढंच असतं.

पण चालत्या गर्दीला १/१०० जरा कमीच. मग दोन पावलं बदलायची. एफ/१६ वरून एफ/११, तिथून एफ/८. उजेड चौपट झाला. तेवढाच शटरमध्ये कमी करायचा, १/१०० वरून १/२००, तिथून १/४००. आता रिक्षाही गोठेल आणि डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाईही.

जुन्या लोकांनी हे असंच शिकलं. रोलच्या खोक्याबरोबर ऊन, विरळ ढग, दाट ढग अशी चित्रं काढून आकडे छापलेले असत. स्टुडिओवाल्यांना ते पाठ होते. रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे चूक परवडत नसे. त्याही आधी, निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा बनवून घेतला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे. हँडल फिरवण्याचा वेग कमी-जास्त झाला की प्रत्येक चित्राला मिळणारा उजेड बदलायचा. कॅमेऱ्यात मीटर नव्हता, मागे स्क्रीन नव्हती. उन्हाकडे बघून ठरवायचं आणि हात एकसारखा ठेवायचा. आज स्क्रीनवर लगेच फोटो दिसतो, ही सोय मोठी आहे. पण डोळ्यांना उजेड ओळखण्याची सवय लागली नाही तर ती सोय फुकट जाते.

पावसाळी दिवस आणि दुकानाच्या आत

जुलैमध्ये बेळगावात आभाळ भरून येतं तेव्हा उजेड दुपारच्या उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉपनं, म्हणजे आठ पटीनं कमी होतो. डोळ्यांना ते तितकं जाणवत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र सांगावं लागतं. एफ/१६ वरून तीन पावलं, एफ/५.६. शटर १/१२५, आयएसओ १००. छत्र्या, ओला रस्ता, हळू चालणारी माणसं यांना हे पुरतं. भिजत पळणारं पोर टिपायचं असेल तर आयएसओ २०० आणि शटर १/२५०.

आता कापडाच्या दुकानात पाऊल टाकायचं. आत दिवे लखलखीत वाटतात, साड्या चमकत असतात. प्रत्यक्षात तिथला उजेड बाहेरच्या उन्हाच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शाचा असू शकतो. म्हणजे आठ स्टॉपचा फरक. अशा जागी एफ/२.८, शटर १/१२५ आणि आयएसओ ८०० इथून सुरुवात करायची आणि स्क्रीन बघून पुढे-मागे सरकायचं.

एक गोष्ट इथं ध्यानात ठेवायची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर फार वेगात ठेवलं तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. असं दिसलं की शटर १/१०० किंवा १/५० वर आणायचं, पट्टे बहुतेक जातात.

मिरवणुकीची रात्र

खरी परीक्षा रात्रीची. गणपती विसर्जन असो वा शिवजयंती, उजेड कमी आणि हालचाल जास्त, असं दुहेरी संकट असतं.

समजा दिव्यांच्या उजेडात लेझीम चालू आहे. हात गोठवायचे तर शटर किमान १/१२५ हवं, १/२५० असेल तर बरं. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या लेन्सचं भोक झूम केल्यावर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एवढ्या उजेडात त्या लेन्सनं १/१२५ वर फोटो काढायचा तर आयएसओ १२८०० च्या घरात जातो. दाणेच दाणे. तिथंच ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची लहान लेन्स लावली तर आयएसओ १६०० मध्ये काम भागतं. पहिल्या कमाईतून महागडी बॉडी घेण्यापेक्षा ही लेन्स घ्या, असा सल्ला जाणकार देतात तो यामुळे.

लेन्स नसेल तर? तर दाणे पत्करायचे. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, हललेल्या फोटोत येत नाही. घरच्या अल्बमात पन्नास वर्षांपूर्वीचे दाणेदार फोटो अजून जपून ठेवलेले असतात. हललेले कुणीच ठेवत नाही.

नुसता मोबाईल असेल तरी हात टेकायची गरज नाही. बहुतेक मोबाईलमध्ये भोक कायमचं ठरलेलं असतं, पण ‘प्रो’ मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाती येतात. तेही नसेल तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. पांढरेफटक चेहरे तिथंच थांबतात.

अंतरपाटानं फसलेला मीटर

‘एम’वर गेलं की कॅमेऱ्यात एक पट्टी दिसते. मधे शून्य, एका बाजूला उणे, दुसऱ्या बाजूला अधिक. हा मीटर. काटा शून्यावर आणला की फोटो बरोबर, असं अनेकजण धरून चालतात. तिथंच फसगत होते.

मीटरला वस्तू कळत नाही, फक्त उजेड कळतो. तो एकच गोष्ट धरून चालतो, की समोर जे आहे ते सरासरी मध्यम करडं आहे. झाडाचं पान, जुना डांबरी रस्ता, बहुतेक गर्दी यांना हे लागू पडतं. पण लग्नात मंगलाष्टकं चालू असताना समोर पांढराशुभ्र अंतरपाट धरलेला असतो. चौकटीचा निम्मा भाग त्यानं व्यापलेला. मीटरला वाटतं, उजेड फार आहे, कमी करा. काटा शून्यावर ठेवून फोटो काढला तर अंतरपाट करडा येतो आणि नवरा-नवरीचे चेहरे काळवंडतात. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. दोन मिनिटांत सगळं संपतं. फोटोग्राफरला “परत एकदा धरा की” असं म्हणता येत नाही.

उपाय सोपा आहे. पांढरं जास्त असेल तर काटा अधिक एक ते दीडवर ठेवायचा. काळं जास्त असेल, जसं की काळ्या कोटातला नवरा चौकट भरून उभा आहे किंवा म्हशीचा फोटो आहे, तर उणे एकवर. मीटर जिकडे ओढतो त्याच्या उलट जायचं.

याहून पक्की युक्ती तळहाताची. माणूस गोरा असो वा सावळा, तळहात साधारण मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ असतो. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी, नवरा-नवरीवर जो उजेड पडतोय त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, चौकट त्यानं भरायची आणि काटा अधिक एकवर आणायचा. आकडे तसेच कायम ठेवायचे. मग समोर अंतरपाट येवो, काळा कोट येवो की शालू, चेहरे बरोबर येतात. उजेड बदलला नाही तर आकडे बदलायचं कारण नाही. ‘ऑटो’ला हे जमत नाही, कारण तो प्रत्येक फोटोला नव्यानं विचार करतो.

वाचवायचं काय, सोडायचं काय?

काही जागी सगळंच वाचवता येत नाही. निपाणीतली तंबाखूची वखार घ्या. आत अंधार, दारातून येणारा उन्हाचा पट्टा, हवेत धूळ आणि कामाला बसलेल्या बायका. दारातलं ऊन आणि आतला कोपरा यांत कितीतरी स्टॉपचा फरक. बाईचा चेहरा नीट आणायचा तर दार पांढरं होतं. दार नीट आणायचं तर चेहरा काळोखात जातो.

कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाइलची सोय असेल तर ती चालू करायची. साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६ हजारांहून जास्त. त्यामुळे काळोखात गेलेला चेहरा नंतर बऱ्यापैकी वर काढता येतो. पांढरं झालेलं मात्र येत नाही. म्हणून डिजिटलमध्ये उजळ भाग सांभाळायचा आणि सावली नंतर उचलायची, हा साधारण रिवाज. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे डोंगरासारखा दिसणारा आलेख, उजव्या भिंतीला आपटत असेल तर पाणी सांडलंय असं समजायचं.

पण हा रिवाज आहे, कायदा नाही. त्या फोटोचा विषय दार आहे की बाई, हे आधी ठरवायचं. बाई असेल तर दार पांढरं झालं तरी चालेल. आकड्यांच्या आधी हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच मीटरमध्ये नसतं.

दिवेलागणीच्या वेळी पाट्या

सीमाभागात या शिकण्याला आणखी एक कारण आहे. कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या कायदा दुरुस्तीनुसार दुकानाच्या फलकाचा वरचा ६० टक्के भाग कन्नडला देणं बंधनकारक झालं. बाजारपेठेतल्या पाट्या बदलत आहेत. आजोबांच्या नावाची, मराठीत रंगवलेली जुनी पाटी ज्यांच्या दुकानावर अजून आहे, त्यांनी तिचा एक चांगला फोटो काढून ठेवावा. वाद कोर्टात आणि रस्त्यावर चालू राहील. पण खडेबाजार कसा दिसत होता हे उद्या दाखवायचं असेल तर अक्षर वाचता येणारा फोटो लागतो, आणि तिथंही एक्स्पोजरच आडवं येतं.

रंगवलेल्या पाटीसाठी ढगाळ दिवस उत्तम, चकाकी येत नाही. आतून दिवा असलेल्या पाटीचं तसं नाही. काळोख पडल्यावर फोटो काढला तर पाटी नुसता पांढरा चौकोन दिसते, अक्षर गायब. यासाठी वेळ गाठायची ती दिवेलागणीची, सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी. तेव्हा आभाळात निळा उजेड शिल्लक असतो आणि पाट्यांचे दिवे लागलेले असतात. दोन्हींचा मेळ बसतो. मीटर पाटीवर धरायचा. पाटी पांढरी असेल तर काटा अधिक एकवर, म्हणजे पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षर शाबूत. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा समोरच्या कट्ट्यावर टेकवला तर आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवून शटर पाव सेकंदापर्यंतही नेता येतं. माणसं पुसट होतील, पाटी हलणार नाही.

आठ दिवसांचा सराव

शिकायला क्लासच लावला पाहिजे असं नाही. आठ दिवस, रोज अर्धा तास पुरे. पहिले दोन दिवस दुपारी मीटर न बघता फक्त एफ/१६ च्या नियमावर फोटो काढायचे. पुढचे दोन दिवस शटर एकच ठेवून भोक बदलायचं आणि मागची गर्दी कशी पुसट होते ते बघायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी भोक एकच ठेवून शटर बदलायचं, १/५०० पासून १/१५ पर्यंत, आणि रिक्षा कुठं हलायला लागते ते टिपायचं. सातव्या दिवशी घरातलं पांढरं धोतर आणि काळी छत्री घेऊन मीटर कसा फसतो ते पडताळायचं. आठव्या दिवशी दिवेलागणीला खडेबाजारात एक पाटी.

प्रत्येक फोटोआधी आकडे मनात ठरवायचे, मग मीटरशी ताडून बघायचे. सुरुवातीला तीन-तीन स्टॉपची चूक होईल. आठवड्यानं ती एकावर येईल. मग पुढच्या मिरवणुकीत महाराजांचा चेहरा कसा आला, ते पहाटे घरचे लोकच सांगतील.